तिसऱ्या आवर्तात आठच मूलद्रव्ये का? (आवर्तसारणीतली आवर्ते, गण आणि कुळे)

निळी शाई (धागाकर्ती)

गावात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. आवर्तसारणीचा धडा आला की आडव्या ओळी म्हणजे आवर्त, एकूण सात, आणि उभे स्तंभ म्हणजे गण, एकूण अठरा, एवढं मुलं एका बैठकीत पाठ करतात. त्यावर मार्कही पडतात. मला मात्र शाळेच्या रसायनशास्त्रातला हा सगळ्यात मोलाचा धडा वाटतो. तो नीट उमगला तर पुढची निम्मी घोकंपट्टी वाचते. म्हणून इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे.

मी सुरुवात गणापासून करते. अणूच्या कवचाकवचांत आतून बाहेर किती इलेक्ट्रॉन आहेत ते लिहिते. लिथियम २,१. सोडियम २,८,१. पोटॅशियम २,८,८,१. सगळ्यात बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिन्ही एका कुळातली. तिन्ही सुरीने कापता येतात, तिन्ही पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढतात, आणि गणात खाली जावं तसा त्या अभिक्रियेचा जोर वाढतो.

मग फळ्यावर ऊर्जेचे आकडे लिहिते. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात. दुसरा काढायला ४५६२, म्हणजे नऊपटीहून अधिक. मॅग्नेशियमचे पहिले दोन ७३८ आणि १४५१ मध्ये निघतात, तिसऱ्याला एकदम ७७३३. आकडा जिथे उडी मारतो तिथे आतलं कवच सुरू होतं. सोडियमची संयुजा (बंध करताना किती इलेक्ट्रॉनांचा व्यवहार होतो ती संख्या) एक का आणि मॅग्नेशियमची दोन का, हे मग मुलांना सांगावं लागत नाही, ती स्वतःच बोलतात.

अडतं ते आवर्तापाशी. पुस्तकात कवचांची क्षमता २, ८, १८, ३२ अशी दिलेली असते. पहिल्या आवर्तात २ मूलद्रव्ये, दुसऱ्यात ८, इथवर जुळतं. तिसऱ्यात १८ हवीत, पण आहेत ८. अरगॉन २,८,८ वर थांबतो. एखादं चौकस मूल विचारतंच, "बाई, तिसरं कवच भरलंच नाही, मग आवर्त संपलं कसं?" 'अष्टक पूर्ण झालं', म्हणजे बाहेर आठ झाले, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. प्रश्न तोच, फक्त शब्द वेगळे. उपकवचं (कवचांच्या आतले विभाग) न शिकवता दहावीच्या मुलाला याचं खरं कारण कसं सांगावं?

भरतीओहोटी

चांगला धागा. आमच्या वेळी गणांना रोमन आकडे होते, त्यात अ आणि ब उपगण, आणि शेवटी शून्य गण. आता एक ते अठरा. हे का बदललं तेही कोणी सांगा.

जुना प्रयोगवहीवाला

महाविद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे. निळी शाई, तुमचा विद्यार्थी ज्या ठिकाणी अडला तेच या सारणीचे मर्म आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

कवच पूर्ण भरल्यावर आवर्त संपते, ही समजूत पहिल्या दोन आवर्तांपुरतीच खरी ठरते. पुढे सर्वत्र नियम असा दिसतो की बाहेरच्या कवचात आठ झाले की ओळ संपते आणि पुढचा इलेक्ट्रॉन नवे कवच उघडतो. आतल्या कवचात जागा शिल्लक असली तरीही.

कारण असे. प्रत्येक कवचात जागांचे गट असतात. पहिल्या कवचात एकच गट, २ चा. दुसऱ्यात २ आणि ६. तिसऱ्यात २, ६ आणि १०. चौथ्यात २, ६, १० आणि १४. अरगॉनमध्ये तिसऱ्या कवचाचे २ आणि ६ भरलेले असतात, १० चा गट पूर्ण रिकामा. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन त्या दहाच्या गटात जावा असे वाटते. पण चौथ्या कवचातील पहिल्या दोन जागा अशा आहेत की तेथील इलेक्ट्रॉन अधूनमधून अगदी केंद्रकाजवळ पोहोचतो. आतल्या इलेक्ट्रॉनांची आड त्याला कमी होते, केंद्रकाची ओढ अधिक लागते आणि त्याची ऊर्जा खाली येते. तिसऱ्या कवचातील दहाच्या गटाला केंद्रकाजवळची ही वाट मिळत नाही. म्हणून एकोणिसावा आणि विसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातात.

हे निव्वळ कागदावरचे नाही. अरगॉनचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला १५२१ किलोज्यूल लागतात, पोटॅशियमचा काढायला फक्त ४१९. सोडियमच्या ४९६ पेक्षाही कमी. एवढी घसरण झाली म्हणजे नवे कवच उघडले. तुम्ही फळ्यावर जी उडी दाखवता, तीच येथे उलट दिशेने दिसते.

दहाचा गट भरायला लागतो तो स्कँडियमपासून: २,८,९,२. जस्ताला तो पूर्ण होतो: २,८,१८,२. त्यानंतर गॅलियम २,८,१८,३ पासून क्रिप्टॉन २,८,१८,८ पर्यंत बाहेरचे सहा. म्हणजे चौथे आवर्त २ + १० + ६ = १८. पाचवे तसेच. सहाव्यात चौदाचा गटही येतो: २ + १४ + १० + ६ = ३२. सातवे तसेच. अशा रीतीने २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. तिसऱ्या कवचाला अठरा मिळतात, पण त्यातले दहा पुढच्या आवर्तात मिळतात. दहावीच्या मुलाला एवढे वाक्य पुरते.

भरतीओहोटी यांच्या प्रश्नाचे उत्तरही याच दहात आहे. जुन्या पद्धतीत हे मधले दहा स्तंभ ब उपगण म्हणून घुसवलेले असत. अडचण अशी की अमेरिकेत ज्याला ब म्हणत त्यातल्या काहींना युरोपात अ म्हणत. एकाच मूलद्रव्याचा गण दोन पुस्तकांत दोन असायचा. १९८० च्या दशकात रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आययूपीएसी) १ ते १८ ही सलग मोजणी सुचवली आणि घोळ मिटला. १३ ते १८ या गणांमधून दहा वजा केले की (हेलियम सोडून) बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते. १७ मधून १० गेले, ७. हे फ्लोरिन-क्लोरिनचे कुळ, हॅलोजन.

बारावी_ब

सर, एक शंका. चौथ्या कवचाच्या जागा आधी भरतात, तर लोखंडाचा आयन (प्रभारित अणू) होताना इलेक्ट्रॉन शेवटी भरलेल्या तिसऱ्या कवचातून जायला हवेत ना? पण पुस्तकात चौथ्यातले आधी जातात.

जुना प्रयोगवहीवाला

जे शेवटी आले तेच आधी जाईल असे नसते, जे सर्वांत सैल बांधलेले ते आधी जाते. स्कँडियमपासून पुढे केंद्रकावरचा प्रभार वाढतो, दहाच्या गटात इलेक्ट्रॉन बसू लागतात आणि तो गट ऊर्जेने चौथ्याच्याही खाली उतरतो. मग बाहेरचे दोन सैल ठरतात. लोह २,८,१४,२ असते, त्याचे द्विसंयुज आयन २,८,१४. तिसरा इलेक्ट्रॉनही दुसऱ्याच्या दुपटीहून कमी ऊर्जेत निघतो, २,८,१३. म्हणून लोहाला दोन संयुजा. सोडियमच्या नऊपटीसारखी उडी येथे नाही. संक्रामक धातूंना, म्हणजे या मधल्या स्तंभांतल्या धातूंना, अनेक संयुजा का असतात, त्याचे मूळ यात आहे.

रानवाट

मी रुग्णालयात किरणोत्सारी औषधांच्या विभागात काम करते. आमच्यासाठी गण म्हणजे रोजचं काम आहे, त्यामुळे कुळाबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

एका गणातल्या मूलद्रव्यांमध्ये शरीराला नेहमीच फरक करता येतो असं नाही. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या थेट खाली आहे, बाहेर तेच दोन इलेक्ट्रॉन, आयनाचा प्रभारही तोच. म्हणून शरीर त्याला हाडात नेऊन बसवतं. अणुचाचण्या उघड्यावर होत होत्या त्या काळात स्ट्रॉन्शियम-९० हवेतून गवतावर पडायचं, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडादातांत जायचं. कॅल्शियमची जी वाट, तीच याची वाट. त्याचं अर्धायुष्य जवळपास २९ वर्षांचं आहे, म्हणजे मूल मोठं होऊन त्याला मुलं झाली तरी निम्मं शिल्लक. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले गेले. आयांनी लाखोंच्या संख्येने दात पाठवले. चाचण्या वाढल्या त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० वाढलेलं आढळलं. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला, त्यामागच्या जनमतात या दातांचाही वाटा होता.

सीझियम-१३७ तसंच पोटॅशियमच्या वाटेने जातं. ते हाडात थांबत नाही, स्नायूंत पसरतं, कारण पोटॅशियम तिथे असतं. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात टाकून दिलेल्या उपचारयंत्रातलं सीझियम लोकांच्या हाती लागलं आणि माणसं दगावली. तेव्हा बाधितांना प्रशियन ब्लू दिलं गेलं. चित्रकारांचा निळा रंग तो हाच. त्याच्या स्फटिकात सीझियम पोटॅशियमपेक्षा घट्ट धरलं जातं, म्हणून आतड्यात आलेलं सीझियम परत रक्तात न जाता मलावाटे बाहेर पडतं.

याच नात्याचा उपयोग आम्ही उपचारासाठीही करतो. दुसऱ्या गणाच्या तळाशी रेडियम आहे. कर्करोग हाडात पसरलेल्या काही रुग्णांना रेडियम-२२३ देतात. त्याला हाडाचा पत्ता सांगावा लागत नाही. कॅल्शियमचं कुळ आहे, ते स्वतःहून हाड जिथे वेगाने बनतंय तिथे जातं, आणि त्याचे अल्फा कण तिथल्या तिथे थांबतात.

आणखी एक, आणि हे घरात औषध चालू असलेल्यांनी लक्षात ठेवावं. लिथियम मनोविकारावर दिलं जातं. मूत्रपिंड त्याला बऱ्याच अंशी सोडियमसारखंच हाताळतं. रुग्णाने अचानक मीठ बंद केलं किंवा जुलाबाने शरीरातलं मीठ गेलं, तर मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं आणि लिथियमही धरतं. रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ कमी-जास्त करू नये.

निळी शाई

रानवाट ताई, हे सगळं मी उद्याच वर्गात सांगणार. दातांचं तर नक्कीच. दुसरा गण मुलांना इतका जवळचा कधी वाटला नसेल.

पाटीपेन्सिल

प्रतिसाद सुरेख आहेत, पण एका गोष्टीवर माझा आग्रह आहे. 'एका गणात गुणधर्म सारखे' हे वाक्य मुलांना अर्धवट सांगितलं जातं आणि पुढे त्याचाच त्रास होतो.

कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणात, दोघांची संयुजा चार. दोघांचे डायऑक्साइड घ्या. एक आपण श्वासातून सोडतो, दुसरी वाळू. साम्य कुठे आहे? सूत्रात आहे, रूपात नाही. कार्बनचा अणू लहान, तो ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून सुटे रेणू बनवतो. सिलिकॉन मोठं, त्याला चार ऑक्सिजनांशी एकेरी बंध सोयीचे, म्हणून अखंड जाळं तयार होतं आणि ते वितळायला सतराशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. कुळाचं पहिलं मूलद्रव्य जवळपास प्रत्येक गणात असं वेगळं निघतं. लिथियमच्या काही सवयी सोडियमपेक्षा मॅग्नेशियमशी जुळतात, बेरिलियमच्या ॲल्युमिनियमशी.

पंधराव्या गणात तर वरून खाली जाताना प्रकारच बदलतो. नायट्रोजन वायू, फॉस्फरस अधातू घन, अर्सेनिक आणि अँटिमनी धातुसदृश, बिस्मथ धातू. म्हणून मी मुलांना म्हणतो, गण कळला की मूलद्रव्य किती इलेक्ट्रॉनांचा व्यवहार करील ते कळतं, आवर्त कळलं की तो व्यवहार किती सहज होईल ते कळतं. दोन्ही सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही.

हॅलोजन कुळात हा उतार डोळ्यांना दिसतो. फ्लोरिन उणे १८८ अंशांना उकळतं, क्लोरिन उणे ३४ ला, ब्रोमिन ५९ ला, आयोडीन १८४ ला. म्हणून आपल्या खोलीच्या तापमानाला दोन वायू, एक द्रव, एक घन. बाहेर सगळ्यांचे सातच.

देवगडकर

हायड्रोजन आणि हेलियम राहिले. हायड्रोजनकडे एक इलेक्ट्रॉन म्हणून पहिल्या गणात बसवतात, पण तो वायू आहे आणि त्याचा इलेक्ट्रॉन काढायला १३१२ किलोज्यूल लागतात, सोडियमच्या अडीचपट. शिवाय सोडियम हायड्राइडमध्ये तो इलेक्ट्रॉन घेतो, हॅलोजनांसारखा. हेलियमकडे दोन इलेक्ट्रॉन, त्या न्यायाने तो दुसऱ्या गणात जायला हवा, पण त्याचं कवचच दोनचं, म्हणून अठराव्यात.

हेलियमचा विषय निघाला म्हणून एक खुलासा. आमच्या विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आपल्या देशावरून गेलं हे खरं. जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने ते गुंटूरहून पाहिलं. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, तिथूनच पाहिला. त्यात पिवळी रेषा होती, सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांशी न जुळणारी, तीच हेलियमची. विजयदुर्ग मला प्राणाहून प्रिय आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल खरं तेच सांगावं असं वाटतं.

पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला, युरेनियमच्या खनिजात. वर्षभर आधी त्याने आणि रॅले यांनी अरगॉन शोधला होता. सारणीत त्याला जागाच नव्हती. सारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हला तो नवा वायू मान्य होईना, नायट्रोजनचेच तीन अणू जोडले असावेत असं त्याला वाटलं. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन सापडले आणि एक अख्खं कुळ उभं राहिलं. सारणी मोडली नाही, बाजूला एक स्तंभ वाढला.

जुना प्रयोगवहीवाला

याला जोडून. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती, इलेक्ट्रॉन तर माहीतच नव्हता. त्याच्यापाशी होते ते अणुवस्तुमान आणि कुळाचे भान. दोहोंत तंटा झाला तेव्हा त्याने कुळाचे ऐकले. टेल्युरियमचे वस्तुमान १२७.६, आयोडीनचे १२६.९. वस्तुमानाने आयोडीन आधी यायला हवे, पण ते उघडच क्लोरिन-ब्रोमिनचे भावंड. त्याने आयोडीन टेल्युरियमनंतरच ठेवले आणि टेल्युरियमचे वस्तुमान चुकीचे मोजले असावे असे म्हटले. वस्तुमान बरोबर होते. जागाही बरोबर होती. १९१३ मध्ये मोसले या भौतिकशास्त्रज्ञाने क्ष-किरणांवरून अणुअंक (केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या) मोजला तेव्हा दोन्ही एकत्र कसे खरे ते कळले: टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. हा मोसले १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय २७.

आणि १८७५ मध्ये गॅलियम सापडले तेव्हा शोधकर्त्याने घनता ४.७ दिली. मेंडेलीव्हने धातू न पाहता कळवले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ निघाली. ॲल्युमिनियमच्या खालची रिकामी जागा त्याला तेवढे सांगून गेली होती.

पाटीपेन्सिल

निळी शाई, वर्गासाठी एक सराव देतो. मुलांना राजवायूंचे, म्हणजे अठराव्या गणाचे, अणुअंक तेवढे पाठ असू द्या: २, १०, १८, ३६, ५४, ८६, ११८. मग चौदाच्या गटातली मूलद्रव्ये सोडून एखादा अणुअंक सांगा. ३८? ३६ च्या पुढे दोन, म्हणजे पाचवं आवर्त, दुसरा गण, स्ट्रॉन्शियम. ५३? ५४ ला एक कमी, म्हणजे पाचवं आवर्त, १८ वजा १, सतरावा गण. ८२? ८६ ला चार कमी, सहावं आवर्त, चौदावा गण, शिसं. ७९? सात कमी, अकरावा गण. तांबं आणि चांदीच्या खाली सोनं. तक्ता न बघता पत्ता सापडतो, आणि ओळ राजवायूपाशी का संपते हे हातात बसतं.

निळी शाई

हे आज करून बघितलं. मुलं एकमेकांना अंक घालत होती. जिने तिसऱ्या कवचाचं विचारलं होतं तिनेच ११४ काढला: ११८ ला चार कमी, सातवं आवर्त, शिशाच्या खाली. फ्लेरोव्हियम. तक्त्यात बघून खात्री केली.

पण नवा प्रश्न आणला आहे. ५७ काढताना ५४ च्या पुढे तीन, म्हणजे तिसरा गण, लँथॅनम. आणि ७१ काढताना ८६ ला पंधरा कमी, १८ वजा १५, तोही तिसरा गण, ल्युटेशियम. एका आवर्तात तिसऱ्या गणाची जागा एकच. दोघांतलं खरं कोण?

जुना प्रयोगवहीवाला

तिने जो पेच काढला आहे तो जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांचाही आहे. सहाव्या आवर्तात चौदाचा गट मधे घुसतो. तो लँथॅनमच्या नंतर सुरू होतो असे मानले तर तिसऱ्या गणात लँथॅनम येते, लँथॅनमपासूनच सुरू होतो असे मानले तर ल्युटेशियम. तक्त्यांमध्ये दोन्ही प्रकार छापलेले आढळतील. आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या गटाने २०२१ च्या तात्पुरत्या अहवालात ल्युटेशियमच्या बाजूने मत दिले. तसे घेतले की दहाचा गट सलग राहतो, मधे तुटत नाही. तुमच्या वर्गातला तक्ता कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहा, आणि तिला दोन्ही मांडण्या वहीत काढायला सांगा.